समुद्र तापल्याने मासे कमी होतात, की केवळ जागा बदलतात?

जलरेषा (धागाकर्ती)

हवामानबदलाचा समुद्रावर आणि मासेमारीवर होणारा परिणाम या विषयावर मी गेले काही महिने सलग वाचन करीत आहे. जितके वाचावे तितका गुंता वाढतच चालल्यामुळे हा धागा काढत आहे. एका लेखात म्हटलेले असते की समुद्र तापल्यामुळे अलास्का आणि रशिया यांच्यामधील बेरिंग समुद्रातील स्नो क्रॅब हा खेकडा तीन-चार वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला. लगेच दुसऱ्या लेखात वाचायला मिळते की अशाच तापमानवाढीच्या काळात आइसलँडच्या जाळ्यांत पूर्वी क्वचितच सापडणारा मॅकरेल हा मासा लाख-लाख टनांनी येऊ लागला. दोन्ही बातम्या खऱ्या असतील, तर यातून नेमका निष्कर्ष काय काढायचा?

माझी पहिली शंका कदाचित बाळबोध वाटेल, पण विचारतेच. समुद्राच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे ०.९ अंश सेल्सिअसने वाढले, असे वाचनात येते. उन्हाळा आणि हिवाळा यांत त्याच पाण्याचे तापमान अनेक ठिकाणी कित्येक अंशांनी वरखाली होत असते आणि मासे ते निमूटपणे सोसतात. मग या जेमतेम एका अंशाने एवढे काय बिघडते? दुसरी शंका अशी, की मासा ध्रुवाकडे सरकला तर एका देशाचा तोटा आणि दुसऱ्याचा फायदा झाला, एवढेच ना? जगाच्या एकूण हिशोबात घट कुठे आली? तिसरी शंका मला सर्वांत जास्त छळते आहे. एखादा साठा, म्हणजे एका भागातील एका जातीचे सगळे मासे, घटला, तर त्याचा दोष हवामानाला द्यायचा की बेसुमार मासेमारीला, हे ठरवायचे तरी कसे? दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीची उदाहरणे पुढे करतात, असे माझे मत होत चालले आहे.

जाणकारांनी शक्यतो प्रत्यक्ष उदाहरणे देऊन समजवावे, ही विनंती.

खोलपाणी

शंका बाळबोध मुळीच नाही. पहिल्या प्रश्नापुरते मी लिहितो, बाकीचे इतर सदस्य लिहितीलच.

०.९ अंश हा आकडा बरोबर आहे. १८५० ते १९०० या काळाची २०११ ते २०२० या दशकाशी तुलना करून तो काढलेला आहे. मात्र तो सगळे महासागर, सगळे ऋतू आणि सगळी वर्षे एकत्र मिळवून येतो, आणि सरासरीत कोणताच मासा राहत नाही. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठते आहे, तिच्यापैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. पण ती उष्णता सगळीकडे सारखी पसरत नाही, आणि तिचा खरा फटका बसतो तो सागरी उष्णतेच्या लाटांच्या रूपाने. एखाद्या जागी, त्या दिवसांत पूर्वी दहापैकी नऊ वेळा जेवढे तापमान असायचे त्याच्याही वर पाणी सलग पाच किंवा अधिक दिवस राहिले, तर त्याला सागरी उष्णतेची लाट म्हणण्याचा प्रघात आहे. १९८०च्या दशकापासून अशा लाटांची वारंवारता साधारण दुप्पट झाली आहे.

ऋतूंचे चढउतार मासे निमूटपणे सोसतात, असे आपण लिहिले आहे; तेथे मला थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. ऋतुचक्राभोवती माशाचे सगळे आयुष्य बेतलेले असते. अंडी कधी घालायची, पिल्ले कधी बाहेर पडायची, अंगावर चरबी कधी धरायची, हे सगळे त्यावरच ठरते. शिवाय पूर्ण वाढलेला मासा जे तापमान झेलतो, ते अंडी आणि नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले झेलू शकतीलच असे नाही. बहुतेक मासे शीतरक्ताचे असल्यामुळे पाणी तापले की त्यांच्या शरीरातील सगळी क्रिया वेगाने होऊ लागते, म्हणजे त्यांना अन्नही अधिक लागते आणि ऑक्सिजनही अधिक लागतो. नेमक्या त्याच वेळी पाण्यात विरघळू शकणारा ऑक्सिजन कमी होतो: शून्य अंशाच्या आसपास समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर ३० अंशांना जेमतेम ६ मिलिग्रॅम. मागणी वाढते आणि पुरवठा घटतो, असा हा दुहेरी पेच आहे.

आपण उल्लेखलेला स्नो क्रॅब हेच याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. बेरिंग समुद्राच्या पूर्वेकडील उथळ भागावर हिवाळ्यात बर्फ धरते. बर्फ बनताना त्यातील मीठ बाहेर टाकले जाते आणि त्या थंड, खारट, जड पाण्याचा थर तळाशी जाऊन बसतो. उन्हाळ्यात वरचे बर्फ वितळून गेले तरी हा थर दोन अंशांच्या खाली टिकून राहतो. स्नो क्रॅबची पिल्ले याच थंड पाण्यात वाढतात. त्यांना खाणारा कॉड मासा इतक्या थंडीत शिरायला नाखूश असतो, त्यामुळे तो थर म्हणजे पिल्लांसाठी एक प्रकारची तटबंदीच असते. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी बर्फ अतिशय कमी धरले आणि हा थंड थर जवळजवळ राहिलाच नाही. दुर्दैवाने नेमक्या त्याच वेळी खेकड्यांची संख्या फार मोठी होती. पाण्याचे तापमान शून्यावरून तीन अंशांवर गेले की या खेकड्याची अन्नाची गरज जवळजवळ दुप्पट होते. २०१८मध्ये पकडून मोजलेले खेकडे त्याच आकाराच्या कवचाच्या पूर्वीच्या खेकड्यांपेक्षा वजनाने हलके भरले होते. कवच तेवढेच आणि आत मांस कमी, याचा अर्थ ते उपाशी होते. २०१८ ते २०२१ या काळात १० अब्जांहून अधिक खेकडे नाहीसे झाले आणि २०२२-२३च्या हंगामात अलास्कातील ही मासेमारी इतिहासात प्रथमच बंद ठेवावी लागली. ते दुसरीकडे निघून गेले असावेत, ही शक्यता अभ्यासकांनी तपासली होती. पण त्यांच्या सर्व विश्लेषणाचा कल स्थलांतराकडे नसून उपासमारीने झालेल्या मृत्यूकडेच निघाला. तेव्हा आपल्या शीर्षकातील प्रश्नाला या एका बाबतीत तरी सरळ उत्तर आहे: त्यांनी जागा बदलली नाही, ते मेले.

आणखी एक गोष्ट. वरचे पाणी तापले की ते हलके होते आणि खालच्या थंड पाण्यावर झाकणासारखे बसून राहते. १९७० ते २०१८ या काळात वरच्या २०० मीटरमधील ही थरबद्धता सुमारे ५ टक्क्यांनी वाढली आहे. थर घट्ट झाले की तळाकडची नायट्रेट, फॉस्फेट यांसारखी पोषकद्रव्ये उजेडात वर येत नाहीत आणि वरचा ऑक्सिजन खाली उतरत नाही. म्हणजे तापमानाचा माशावर थेट परिणाम झाला नाही, तरी त्याच्या ताटावर होतोच.

उत्तरवारा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी लिहितो. एकाचा तोटा तो दुसऱ्याचा फायदा, हा हिशोब कागदावर पटतो, समुद्रात मात्र जुळत नाही.

१९५०च्या दशकापासून समुद्राच्या वरच्या २०० मीटरमध्ये राहणाऱ्या प्रजातींचा वावर दर दशकाला सरासरी सुमारे ५० किलोमीटरने सरकला आहे, आणि तो बव्हंशी ध्रुवांच्या दिशेने. पण मासा सरकला म्हणून त्याच्याबरोबर समुद्राचा तळ, त्याची अंडी घालण्याची जागा, पिल्ले वाढण्याच्या खाड्या आणि त्याचे खाद्य हे सगळे सरकत नाही. खाद्याबद्दलची सर्वांत जुनी सलग नोंद ज्या उपकरणाने ठेवली आहे, ते पाहण्यासारखे आहे. टॉर्पेडोसारख्या आकाराची एक धातूची पेटी मालवाहू जहाजांच्या मागे दोराने ओढली जाते. पुढच्या लहानशा भोकातून पाणी आत शिरते आणि आत हळूहळू सरकणाऱ्या रेशमी पट्टीवर प्लवंग, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जाणारे बारीक जीव, गाळले जातात. जहाज बंदराला लागल्यावर ती पट्टी उलगडून, तुकडे करून, सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पट्टी किती हिरवी झाली आहे, याचीसुद्धा नोंद ठेवतात. १९३१पासून उत्तर समुद्रात हे काम चालू आहे, आणि इतके साधे यंत्र इतकी वर्षे जवळजवळ त्याच रूपात वापरले गेल्यामुळेच जुन्या नोंदींची नव्याशी तुलना करता येते.

या पट्ट्यांवरूनच कळले की उत्तर समुद्रातील कॅलॅनस फिनमार्किकस या थंड पाण्यातील, चरबीने भरलेल्या सूक्ष्म कवचधारी प्राण्याची जागा कॅलॅनस हेल्गोलँडिकस हा त्याचा उबदार पाण्यातील भाऊबंद घेत चालला आहे. दिसायला दोघे इतके सारखे की ओळखायला तज्ज्ञ लागतो, पण पहिला वसंतात भरपूर असतो आणि दुसऱ्याचा बहर पुढे शरदाकडे येतो. कॉडची पिल्ले वसंतातच भुकेली असतात. म्हणजे अन्न आहे, पण जेवणाची वेळ टळून गेल्यावर वाढलेले. त्यामुळे कॉडचा साठा केवळ सरकला असे म्हणून भागत नाही, त्याची भरपाईच मंदावली.

फायदा झालेली ठिकाणे नाहीत असे नाही. बॅरेंट्स समुद्रातील कॉडला उबदार पाण्यामुळे चरायला अधिक क्षेत्र मिळाले आणि २०१३च्या सुमारास तो साठा फार मोठा झाला होता, अर्थात नॉर्वे आणि रशिया यांनी आधीच पकड आवरती घेतल्याचा त्यात मोठा वाटा होता. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर न्यू इंग्लंडच्या दक्षिण भागातील शेवंडीची मासेमारी कोसळली आणि उत्तरेकडे मेनच्या आखातात मात्र शेवंड विक्रमी प्रमाणात मिळू लागली. त्याच मेनच्या आखातातील थंड पाण्याची कोळंबी मात्र इतकी खालावली की २०१४च्या हंगामापासून तिच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली. एकाच आखातात एकाच वेळी एकाची दिवाळी आणि दुसऱ्याचे दिवाळे.

सगळ्यांची बेरीज करायचीच असेल, तर २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात २३५ साठ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. साठ्याला धक्का न लावता जास्तीत जास्त किती मासळी काढता आली असती, हा आकडा १९३० ते २०१० या काळात तापमानवाढीमुळे एकूण ४.१ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दाखवले आहे. हे ऐकायला किरकोळ वाटते. पण जपानचा समुद्र आणि उत्तर समुद्र यांसारख्या भागांत ही घट १५ ते ३५ टक्के आहे.

मॅकरेलचे प्रकरण तर जिंकणाऱ्यांनाही धडा देणारे आहे. तो २००७च्या सुमारास उन्हाळी चाऱ्यासाठी आइसलँडच्या पाण्यात मोठ्या प्रमाणावर येऊ लागला आणि २००८मध्ये आइसलँडची पकड एक लाख टनांच्या वर गेली. युरोपीय संघ आणि नॉर्वे यांचे म्हणणे असे की साठा आमच्या वहिवाटीचा आहे. आइसलँड आणि फेरो बेटांचे म्हणणे असे की जो मासा आमच्या पाण्यात चरतो, त्यावर आमचा हक्क आहे. २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्राचा नियम १९८२च्या सागरी कायद्याच्या करारातून आला, आणि त्या नियमात सीमारेषा स्थिर आहे, मासाही जणू स्थिरच आहे, असे गृहीत धरलेले आहे. परिणाम असा, की प्रत्येकाने आपापला कोटा स्वतःच जाहीर केला आणि सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सुचवलेल्या मर्यादेच्या वर्षानुवर्षे वर जात राहिली. २०१९मध्ये या मासेमारीचे शाश्वततेचे प्रमाणपत्रही स्थगित झाले. २०२०च्या सुमारास तोच मॅकरेल आइसलँडच्या पाण्यातून पुन्हा बराच कमी झाला, वाटपाचे भांडण मात्र मिटले नव्हते. माझ्या मते मासेमारीच्या प्रदेशांत तापमानवाढीने सर्वांत आधी काही मोडत असेल, तर ते हे वाटपाचे करार.

तळटीप

खोलपाणी आणि उत्तरवारा यांनी लिहिलेल्या तपशिलांबद्दल माझा वाद नाही. पण दोघांनीही साठ्यांचे नैसर्गिक चढउतार जवळजवळ वगळले आहेत, आणि जलरेषाताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याशिवाय देता येणार नाही, असे मला वाटते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सांता बार्बराच्या खोल खळग्यात तळाशी ऑक्सिजन इतका कमी आहे की तेथे गाळ उकरणारे प्राणी जगत नाहीत, आणि त्यामुळे दरवर्षीचा गाळ वहीच्या पानांसारखा एकावर एक साचत जातो. त्या थरांत सार्डिन आणि अँचोव्ही या लहान माशांचे खवले अडकलेले असतात. शास्त्रज्ञांनी तो गाळ नळीने काढून, थरांवरून वर्षे आणि खवल्यांवरून मासे मोजले, तेव्हा सुमारे दोन हजार वर्षांचा हिशोब हाती आला. त्यात दिसते ते असे, की यांत्रिक नौका किंवा कारखान्यांचे धुरांडे यांपैकी काहीही अस्तित्वात नसतानाही हे साठे कित्येक दशकांच्या अंतराने प्रचंड फुगले आणि पुन्हा जवळजवळ रिते झाले. म्हणून एखाद्या प्रदेशात पाच-दहा वर्षे मासा कमी झाला की लगेच हवामानबदलाचे नाव घेणे मला घाईचे वाटते.

आता मासेमारी. न्यूफाउंडलंडचा कॉड हा जगातील सर्वांत समृद्ध साठ्यांपैकी एक होता आणि २ जुलै १९९२ रोजी कॅनडाने त्याच्यावर बंदी घातली तेव्हा तो जवळपास संपलेला होता. त्या वर्षांत तेथील पाणी नेहमीपेक्षा थंड होते, तापलेले नव्हते. मुख्य कारण अति पकड हेच मानले जाते. पेरूच्या अँचोव्हेटा या लहान माशाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९७०मध्ये त्याची पकड १.२ कोटी टनांच्या वर होती, म्हणजे एकाच जातीची जगातील सर्वांत मोठी मासेमारी. १९७२मध्ये एल निनो, म्हणजे काही वर्षांच्या अंतराने प्रशांत महासागराचे पाणी तापण्याची नैसर्गिक घटना, आला, किनाऱ्याजवळ तळातून वर येणारे थंड, पोषक पाणी मंदावले आणि पकड १९७३पर्यंत सुमारे २० लाख टनांवर कोसळली. पुढे बरीच वर्षे तो साठा सावरला नाही. एल निनो तर त्याआधीही शेकडो वेळा येऊन गेला असेल. या वेळी फरक एवढाच होता, की साठा आधीच ओरबाडलेला होता.

म्हणून 'हवामान की मासेमारी' हा प्रश्नच मला चुकीचा मांडलेला वाटतो. न मारलेल्या साठ्यात सर्व वयांचे मासे असतात. थोराड माद्या अंडी अधिक घालतात, वेगवेगळ्या वेळी घालतात, आणि दोन-तीन वर्षे पिल्ले जगली नाहीत तरी जुने मासे साठा तोलून धरतात. जाळी नेमके हेच मोठे मासे आधी काढून नेतात. मग उरतो तो कोवळ्या माशांचा साठा, ज्याचे भवितव्य दरवर्षीच्या नव्या पिल्लांवर अवलंबून असते, म्हणजेच त्या वर्षीच्या पाण्यावर. अति पकड झालेला साठा हवामानाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर हलतो तो यामुळे. दोन कारणांची टक्केवारी वेगवेगळी काढता येत नाही, कारण ती बेरजेने नव्हे, गुणाकाराने काम करतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशोबाप्रमाणे १९७४मध्ये जगातील ९० टक्के सागरी साठे जैविकदृष्ट्या टिकाऊ पातळीवर होते, २०२१मध्ये ६२.३ टक्के. तापमानवाढ या दुबळ्या झालेल्या समुद्रावर येऊन आदळते आहे, हे लक्षात ठेवावे.

खोलपाणी

तळटीप यांचा वयोरचनेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. नैसर्गिक चढउतारांबद्दल एवढेच म्हणेन, की स्नो क्रॅबच्या बाबतीत ते स्पष्टीकरण पुरत नाही. तेथील मासेमारी कोट्याने काटेकोर बांधलेली होती, कोसळण्याच्या आदल्या वर्षी साठा भरलेला होता आणि तरीही तो गेला. चांगले व्यवस्थापन ही विमा पॉलिसी आहे, चिलखत नव्हे.

जलरेषा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. गुणाकाराचा मुद्दा माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. आता दोन पूरक प्रश्न विचारते. आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे थंड समुद्रांतील आहेत; उष्ण कटिबंधात काय होते? आणि समुद्राचे आम्लीकरण, ज्याच्याबद्दल इतके लिहिले जाते, त्याचा मासेमारीशी संबंध प्रत्यक्षात दिसतो की तो भविष्यकाळाचाच विषय आहे?

भरती_ओहोटी

उष्ण कटिबंधाची अडचण साध्या भूमितीची आहे. समशीतोष्ण समुद्रातून एखादी जात ध्रुवाकडे गेली तर तिची जागा घ्यायला विषुववृत्ताकडून दुसरी येते. विषुववृत्तावरून मासा निघून गेला तर त्याहून उबदार पाण्यातून यायला कोणीच नाही. शिवाय तेथील जाती आपल्या सोसण्याच्या वरच्या मर्यादेच्या आधीच जवळ असतात.

पश्चिम प्रशांत महासागरातील ट्यूना पाहा. तेथील आठ बेटदेशांनी एकत्र येऊन मोठ्या पर्सेसीन (माशांच्या थव्याभोवती जाळे वेढणाऱ्या) नौकांना मासेमारीचे दिवस विकण्याची पद्धत २००७मध्ये सुरू केली आणि त्यांपैकी काही देशांच्या सरकारी उत्पन्नाचा सर्वांत मोठा भाग आज त्यातून येतो. पाणी तापत गेल्यास हा ट्यूना पूर्वेकडे, म्हणजे या देशांच्या क्षेत्राबाहेर खुल्या समुद्रात सरकेल, आणि उत्सर्जन असेच वाढत राहिले तर २०५०पर्यंत दहा बेटदेशांच्या पाण्यातील पकड सरासरी २० टक्क्यांनी घटेल, असा अंदाज २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बांधला आहे. मासा जगातच राहील, पण शाळा आणि दवाखाने ज्या परवाना शुल्कावर चालतात ते शुल्क बाहेर गेलेल्या माशावर मिळणार नाही. उत्तरवारा यांनी सांगितलेल्या करारांच्या प्रश्नाचे हे दुसरे टोक आहे.

हिंदी महासागराचा पश्चिम भाग उष्ण कटिबंधातील इतर समुद्रांपेक्षा अधिक वेगाने तापला आहे आणि तेथील वनस्पती-प्लवंग सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे २०१६च्या एका अभ्यासात म्हटले आहे. अरबी समुद्रात साधारण शंभर-दीडशे मीटरच्या खाली मुळातच ऑक्सिजन अत्यल्प असलेला एक प्रचंड जाड थर आहे. हा थर वर चढला की माशांना वावरायला उरते ती वरची पातळ पट्टी, आणि तेथे ते जाळ्यालाही सहज सापडतात. याच समुद्रातील तारलीचे आकडे डोळे विस्फारायला लावतात: केरळमध्ये २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली बंदरांत उतरली होती, २०२१मध्ये अवघी ३,२९७ टन, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा एक लाख टनांच्या आसपास. एल निनो, पावसाळ्यात तळाचे पोषक पाणी वर येण्याची (उत्सरणाची) वेळ, खाद्याची उपलब्धता आणि पिल्लांची पकड, अशी अनेक कारणे यात गुंतलेली आहेत. तळटीप यांचा सावधगिरीचा सल्ला येथे लागू पडतो. दुसरीकडे हीच तारली गेल्या काही दशकांत उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही मोठ्या प्रमाणावर मिळू लागली, हे मात्र तापमानाशी सुसंगत आहे.

आम्लीकरणाबद्दल थोडक्यात. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश समुद्र शोषून घेतो. त्यामुळे पृष्ठभागाचा पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. सर्वांत आधी फटका बसतो तो कवच बांधणाऱ्या जीवांना, आणि तो बसूनही गेला आहे. २००७च्या सुमारास अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कालवांच्या बीजकेंद्रांत अब्जावधी पिल्ले मरू लागली. सुरुवातीला सगळ्यांचा संशय जिवाणूंवर होता. शेवटी लक्षात आले की वारा विशिष्ट दिशेने वाहिला की तळातील, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी किनाऱ्याशी वर येते, आणि तेच पाणी टाक्यांत भरले गेले तर पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कवच धरता येत नाही. मग त्यांनी पाण्याचे रसायन सतत मोजायला आणि त्यात सोडा मिसळायला सुरुवात केली आणि उत्पादन सावरले. टाकीत हे करता येते, समुद्रात नाही.

नोंदवही

वरील प्रतिसादात एक पुरवणी. पीएच ८.२ वरून ८.१ झाला हे वाचून पुष्कळांना ते नगण्य वाटते. पीएचची मोजपट्टी साधी नसून लघुगणकी आहे, म्हणजे एका अंकाचा फरक दहापटीचा असतो, त्यामुळे एवढ्या फरकात हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे २६ ते ३० टक्क्यांनी वाढते. ऑक्सिजनचेही तसेच आहे. १९६०पासून महासागरांतील ऑक्सिजन सुमारे २ टक्क्यांनी घटला, ही जगाची सरासरी झाली. पण काही भागांत, विशेषतः आधीच कमी ऑक्सिजन असलेल्या थरांच्या कडेला, घट याहून पुष्कळ मोठी आहे.

जलरेषा (धागाकर्ती)

शेवटचा प्रश्न. माझ्यासारख्या वाचकाने एखाद्या प्रदेशाचे पकडीचे आकडे पाहिले, तर त्यातून साठ्याची खरी अवस्था कशी ओळखावी?

तळटीप

केवळ बंदरात उतरलेल्या मासळीच्या टनांवरून ओळखू नये. वर लिहिलेले पेरूचेच उदाहरण पुन्हा घ्या. एल निनोमध्ये बाहेरचे पाणी तापते तेव्हा अँचोव्हेटा किनाऱ्यालगत उरलेल्या थंड पाण्याच्या अरुंद पट्टीत दाटीवाटीने गोळा होतो. १९७२च्या सुरुवातीला नेमके हेच झाले, आणि नौका भरभरून परत येत होत्या. आकडे पाहणाऱ्याला वाटले असते की हंगाम उत्तम आहे, प्रत्यक्षात मात्र सगळा साठा एका कोपऱ्यात अडकला होता आणि तोच उपसला जात होता.

म्हणून टनांबरोबर आणखी काही गोष्टी शोधाव्यात. तेवढी मासळी आणायला किती नौकांना किती दिवस लागले आणि किती दूर जावे लागले. माशाची सरासरी लांबी वर्षानुवर्षे कमी होते आहे का. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मासेमारी नौकांवर अवलंबून नसलेले स्वतंत्र सर्वेक्षण आहे का. मच्छीमार मासा आहे तेथे जातो, तर सर्वेक्षण करणारी नौका दरवर्षी ठरलेल्या त्याच जागी, तेच जाळे त्याच पद्धतीने टाकते, मासा असो वा नसो. रिकामे जाळे हीदेखील तिच्यासाठी नोंदच असते.

पेरूमध्ये आता हंगाम उघडण्याआधी ध्वनिलहरींनी साठा मोजतात आणि प्रायोगिक पकडीत पिल्लांचे प्रमाण पाहतात. २०२३मध्ये तापलेल्या पाण्यात पिल्लेच फार आढळल्यामुळे देशाच्या उत्तर-मध्य भागातील वर्षाचा पहिला हंगाम त्यांनी रद्द केला. तेव्हा किनाऱ्यालगत मासा नव्हता असे नाही. तो भरपूर दिसत होता, पण बोटभर लांबीचा होता.